शवासनात काय लावता? योगवर्ग आणि संगीत

अंत्रुजची_वाट
१६ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. फोंड्यात एका देवळाच्या सभागृहात मी ९ वर्षांपासून सकाळी साडेसहाचा योगवर्ग घेते. पटावर २२ जण, नेमाने येणारे सोळा-सतरा. निवृत्त शिक्षक आहेत, दोघी परिचारिका आहेत, कुंडईच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट चटईवर येणारा एक तरुण आहे, आणि बाकीच्या बहुतेक घरचा चहा आटोपून येणाऱ्या बायका.

वर्गात संगीत आलं ते टाळेबंदीत. तेव्हा वर्ग मोबाइलवरून चालायचा आणि प्रत्येकाच्या घरातले आवाज एकमेकांत मिसळायचे. कुकरची शिट्टी, नातवंडांचा गलका, कुठेतरी मिक्सर. त्यावर पांघरूण म्हणून मी बासरी लावायला लागले. सभागृहात परत आलो तरी बासरी राहिली. मग सुरुवातीच्या हालचालींना एक, सूर्यनमस्कारांना एक, शवासनाला एक, अशी तासभराची यादीच तयार झाली. लोकांना आवडायचं. मलाही आवडायचं, कारण खोली भरल्यासारखी वाटायची.

गेल्या गुरुवारी शवासनात एक अभंग लावला. संथ, एकट्या गायिकेचा आवाज, मागे फक्त टाळ. दिवे मालवलेले, बाहेर पाऊस. तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेतल्या एक काकी उठून बसल्या. बराच वेळ तशाच बसून राहिल्या, मग चटई न गुंडाळताच उचलून छातीशी धरली आणि चपला हातात घेऊन निघून गेल्या. दुपारी त्यांच्या घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "बाबांना नेलं तेव्हा शेजारी हाच अभंग लागलेला. तुझी काय चूक गं." चूक माझीच होती. डोळे मिटून, हातपाय सोडून पडलेल्या माणसाच्या कानात आपण काय घालतो आहोत याचा मी कधी विचारच केला नव्हता.

त्या दिवसापासून स्पीकर घरीच ठेवते. पण दोघे-तिघे रोज विचारतात, "टीचर, आज म्युझिक ना?" आणि माझ्याकडे धड उत्तर नाही. वर्गात संगीत असावं का? असलं तर कोणत्या भागात? शब्द चालतात का? पाच दिवसांवर योगदिन आला आहे, तिथे कर्णे असतीलच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला रोजच्या वर्गाचं विचारायचं आहे. जे शिकवतात त्यांनी तर लिहाच, पण जे चटईवर असतात त्यांनीही लिहावं.


डिचोलीकर
१६ जून, रात्री १०.३५

आमच्याकडे सर फक्त शेवटी बासरी लावतात. मला दोन मिनिटांत झोप लागते. ही झोप चांगली की वाईट हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून धागा वाचत राहणार आहे. तुमच्या काकींचा प्रसंग वाचून गलबलून आलं.


खर्जातला_षड्ज
१७ जून, सकाळी ६.१५

मी मडगावला तबला शिकवतो. पाठीच्या दुखण्यामुळे चार वर्षांपासून योगवर्गालाही जातो, त्यामुळे दोन्ही बाजू अंगावरच्या आहेत.

ताई, तुम्ही 'संगीत असावं का' असं विचारलंत. मी त्याचे दोन प्रश्न करेन, सूर असावा का आणि लय असावी का. कारण दोघांचं काम निराळं. सूर कानात राहतो, लय अंगात उतरते. ठेका सुरू झाला की माणूस नकळत त्याच्या पावलांनी चालायला लागतो, आणि योगवर्गात नेमकं हेच अवघड होऊन बसतं. सूर्यनमस्काराच्या १२ स्थिती आणि एकतालाच्या १२ मात्रा, म्हणून आमच्या शिक्षकांनी एकदा संथ एकतालावर सूर्यनमस्कार घेतले. ठेका मीच धरला होता. पाहायला फार सुंदर होतं. पण माझ्या समोरच्या रांगेतले सत्तरीचे गृहस्थ सहाव्या मात्रेला साष्टांग स्थितीत असायला हवे होते, ते पोचले नवव्याला, आणि उरलेल्या तीन मात्रांत धापा टाकत उभे राहिले. ताल कुणासाठी थांबत नाही. शिक्षकाला थांबावं लागतं. खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात लयीबद्दल जपूनच बोलावं, पण आसनांखाली ठेका नको असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

एक गोष्ट मात्र करून पाहा. बसून प्राणायाम करताना झपताल. १० मात्रा: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. सेकंदाला एक मात्रा धरली तर आवर्तन १० सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. पहिल्या पाच मात्रांत श्वास आत. सहावीला 'खाली', म्हणजे तालातली रिकामी जागा येते, डग्गा गप्प होतो आणि नुसतं 'ती' वाजतं. तिथून श्वास बाहेर. ती जागा कानालाच मोकळी वाटते, 'आता सोडा' असं सांगावं लागत नाही. पाच मात्रांचा श्वास ज्यांना जड जातो त्यांच्यासाठी लय जरा चढी ठेवायची. आणि चार मिनिटांच्या वर वाजवायचं नाही. तोवर श्वासाने लय उचललेली असते, मग हात काढून घ्यायचा.


स्थिरसुख
१७ जून, दुपारी २.०५

मी पणजीत शिकवते. माझं शिक्षण पुण्यात, अय्यंगार पद्धतीत झालं. आमच्या वर्गात संगीत नसतं आणि मला त्याची उणीव कधी जाणवली नाही.

कारण सांगते. उभ्या आसनात मी म्हणते, मागच्या पायाच्या टाचेची बाहेरची कड जमिनीला दाबा, गुडघ्याची वाटी वर खेचा, आता मान सैल. हे ऐकणाऱ्याला ते शब्द घेऊन आपल्या टाचेपर्यंत जावं लागतं. नव्या माणसाला त्या प्रवासाला पाच-सहा सेकंद लागतात. त्या सेकंदांत बासरीची एखादी तान आली की तो वाटेतच थांबतो. म्हैसूरला पट्टाभि जोइसांनी शिकवलेल्या अष्टांग पद्धतीतही दालनात ऐकू येतो तो एकमेकांचा श्वास. दोन पद्धतींचं बाकी बरंच पटत नाही, पण इथे दोघी एक आहेत.

पतंजलींनी आसनाबद्दल मोजकी सूत्रं लिहिली, 'स्थिरसुखमासनम्' त्यातलं पहिलं. त्याच साधनपादात थोडं पुढे प्रत्याहार येतो, म्हणजे इंद्रियांनी आपापले विषय सोडून चित्ताच्या मागे जाणं. कानाला रोज नवा विषय पुरवायचा आणि त्याच वर्गात प्रत्याहार शिकवायचा, हे माझ्याच्याने होत नाही.

शवासनात झोप लागते म्हणणाऱ्या दादांना: झोप वाईट नाही, तुम्ही दमलेले आहात एवढंच ती सांगते. पण शवासनात पडून जागं राहायचं असतं. त्यासाठीच ते सगळ्यांत कठीण आसन आहे.


निवृत्त_मास्तर
१७ जून, रात्री ८.२०

स्थिरसुख यांचं म्हणणं मान्य, पण नादाला योगात जागाच नाही असा समज व्हायला नको. पतंजलींच्याच पहिल्या पादात 'तस्य वाचकः प्रणवः', म्हणजे ईश्वराचं नाव ओंकार, आणि त्याला लागून जप येतो. आणि स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेचा चौथा उपदेश उघडा, त्यात नादानुसंधानाचं, म्हणजे आतल्या नादावर चित्त लावण्याचं, सविस्तर वर्णन आहे. साधकाला आत ऐकू येणाऱ्या नादांचा क्रम दिला आहे. सुरुवातीला समुद्र, मेघ, भेरी, झर्झर यांच्यासारखे मोठे आवाज. मध्ये मर्दल, शंख, घंटा, काहल. शेवटी किंकिणी, वेणू, वीणा आणि भ्रमर. मोठ्याकडून बारीककडे. मधमाशी मध पिताना वासाची पर्वा करत नाही, तसं नादात रंगलेलं चित्त विषयांची इच्छा धरत नाही, असा दृष्टान्तही तिथेच आहे.

हा नाद स्पीकरमधला नव्हे, आतला, हे खरं. तरीही तो क्रम मला फार बोलका वाटतो. आपल्या वर्गांत शेवटाकडे जाताना आवाज वाढतात, तिथे ते बारीक होत जातात.

आणखी एक, जरा बाजूचं. कुणी केसरबाई केरकरांची भैरवी शवासनासाठी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. केरीच्या या बाईंचं 'जात कहाँ हो' १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत घालून अंतराळात पाठवलं गेलं. असं गाणं ताठ बसून ऐकायचं असतं. पाय ताणताना मागे वाजत ठेवायचं नसतं. गाण्याचाही मान आहे.


रात्रपाळी
१८ जून, पहाटे ४.४०

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रुग्णांच्या उशाशी दिवसरात्र आकडे पाहत असते, म्हणून हा विषय मला जवळचा.

झपतालाच्या त्या १० सेकंदांवरून आठवलं. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली 'आव्हे मारिया' म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्रिया सुधारली. माझी शेजारीण साष्टीतली. तिच्या घरी रोज सांजवेळी तेर्स, म्हणजे याच 'आव्हे मारिया'ची जपमाळ म्हणतात, एकाने अर्धी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली. आमच्या घरी त्याच वेळी आई रामरक्षा म्हणते. दोन घरांच्या मध्ये एक गडगा. हा अभ्यास वाचल्यापासून मला ते दोन्ही आवाज ऐकताना आत कुठेतरी फार बरं वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं. याच बर्नार्डींचा दुसरा अभ्यास २००६ चा. १२ संगीतकार आणि १२ बिगरसंगीतकार, एकूण २४ जण. सहा तऱ्हांचं संगीत ऐकवलं, त्यात एक भारतीय रागही होता. लय जलद झाली की श्वास, नाडी, रक्तदाब वाढले. आवडनिवड काय आहे त्यापेक्षा लयीचा परिणाम मोठा. पण मध्येच त्यांनी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या दोन मिनिटांत नाडी आणि रक्तदाब, संगीत सुरू व्हायच्या आधी होते त्यापेक्षाही खाली आले. म्हणजे सर्वांत जास्त विसावा संगीत थांबल्यावर मिळाला. ताई, तुमची यादी तासभर थांबतच नव्हती ना? मग ही जागा तुमच्या लोकांना मिळालीच नसणार.

भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत करायचा प्राणायाम, त्याबद्दलही एक सांगते. स्टॉकहोमच्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवलं की तोंड मिटून गुणगुणत श्वास सोडला तर नाकातून येणारा नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या १५ पट होतो. म्हणजे आपलं वाद्य आपल्या नाकातच आहे.


अंत्रुजची_वाट
१८ जून, सकाळी ८.१०

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरंच, एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतचे दोन सेकंदसुद्धा मी राहू देत नव्हते, ॲपमध्ये तशी सोय करून ठेवली होती. आज वर्गात फक्त पाऊस होता. कुणी विचारलं नाही.


मांद्रे_किनारा
१८ जून, संध्याकाळी ५.३०

मी पेडणे तालुक्यातला. ऑक्टोबर ते मार्च किनाऱ्यावर परदेशी विद्यार्थ्यांना शिकवतो, पावसाळ्यात गावातल्या मुलांना. इथल्या विद्यार्थ्यांना संगीत हवंच असतं, आणि काही वर्गांत मी ते वापरतो, म्हणून माझी बाजू थोडी वेगळी आहे. जर्मनीहून, रशियाहून पहिल्यांदा आलेल्या माणसाला अनोळखी खोलीत डोळे मिटून पडायची भीती वाटते. पहिले दोन-तीन दिवस हलका तानपुरा असला की ती जाते. चौथ्या दिवसापासून मी तो कमी करत जातो, आठवड्याच्या शेवटी लागत नाही.

जे नवीन वर्ग काढत आहेत त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, मला त्या फार उशिरा कळल्या.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेवर ध्वनिवर्धक चालत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. आमचा सूर्योदयाचा वर्ग पावणेसहाला सुरू व्हायचा, उघड्या शेडमध्ये, स्पीकर लावून. पलीकडच्या घरातल्या रापणकाराच्या बायकोने एक दिवस कुंपणाशी येऊन एवढंच सांगितलं की घरचा माणूस समुद्रावरून येऊन नुकताच डोळा लावतो. मला फार लाज वाटली. आम्ही शांततेच्या नावाने त्याची झोप मोडत होतो.

दुसरी गोष्ट हक्कांची. गाणी ऐकवणाऱ्या ॲपची वर्गणी ही आपल्या स्वतःच्या ऐकण्यापुरती असते. फी घेऊन चालवलेल्या वर्गात ध्वनिमुद्रण वाजवणं हे सार्वजनिक वादन झालं, त्याला परवाना लागतो. गीत आणि चालीचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे. श्लोक शेकडो वर्षं जुना असला तरी तो गायलेलं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं कुणाच्या तरी मालकीचं असतं. ज्याने गळा आटवून ते गायलं त्याचा विचार आपण नाही करायचा तर कुणी करायचा? मी आता ओळखीच्या एका बासरीवादकाला महिन्यातून दोनदा बोलावतो आणि त्याचं मानधन फीतच धरतो. समोर बसून वाजवणारा माणूस वर्गाकडे बघून वाजवतो. कुणाचा श्वास अडकला तर तो सूर लांबवतो. यंत्राला हे दिसत नाही.


मिरामारची_फेरी
१९ जून, सकाळी १०.००

चटईवरच्यांनी लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. वय ६८. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. यंत्र सगळंच मोठं करतं, पंखा, पाऊस, बासरी आणि शिक्षिकेचा आवाज. मला त्यातून आवाज निवडून काढावा लागतो, आणि बासरीची पट्टी बाईंच्या आवाजाच्या अगदी वर बसते. उभ्या आसनांत मी शेजाऱ्याकडे बघून चालवून घेतो. पुढे वाकलं की शेजारी दिसत नाही. एकदा सगळे उठून उभे राहिले तरी मी वाकलेलाच होतो, आणि उठलो तो घाईने, तर डोक्यात चक्कर आली. हे मी आमच्या शिक्षिकेला कधी सांगितलं नाही, बाकीच्यांचा आनंद आपल्यामुळे जायला नको म्हणून. तुमच्याही वर्गात असं न सांगणारं कुणी असेल. शवासनाच्या आधी यंत्रं काढून ठेवतो. मग मला काहीच ऐकू येत नाही, आणि ती माझी तासातली सर्वांत आवडती वेळ आहे.


स्थिरसुख
१९ जून, सकाळी ११.२५

काका, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. उद्या वर्गात सगळ्यांना एकेकटं विचारणार आहे. आणि तुमच्या शिक्षिकेला जरूर सांगा. त्यांना वाईट वाटेल ते फक्त इतके दिवस कळलं नाही याचं.


मांडावरची
१९ जून, रात्री ११.१५

मी सत्तरी तालुक्यातली. शिकवत नाही, वर्गालाही नुकतीच जायला लागले आहे. इतका वेळ सगळे 'लावण्या'बद्दल बोलत आहेत, म्हणून मला राहवलं नाही.

आमच्या गावात पौषात मांडावर, म्हणजे गावच्या राखून ठेवलेल्या अंगणात, धालो हा बायकांचा नाच होतो. रात्री जेवणं झाली की बायका समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींच्या कमरेत हात, आणि गात गात पुढे वाकत यायचं, मागे जायचं. एक रांग गाते, दुसरी तीच ओळ उचलते. माझी आजी सत्तरीपार गेली तरी मांडावर उभी राहायची. घरी तिला वाकून केर काढता येत नसे, मांडावर मात्र ती दोन-दोन तास वाकायची. लहानपणी मला याचं नवल वाटे. आता योगवर्गात 'वाकताना श्वास सोडा' ऐकलं तेव्हा उलगडलं. ओळ गाताना श्वास बाहेरच जातो, आणि लांब जातो. दुसरी रांग गाते तेवढ्यात आत घ्यायला सवड मिळते. कुणी शिकवलं नव्हतं, गाणंच ते करवून घेत होतं.

माझं एवढंच म्हणणं, की लावण्यापेक्षा म्हणा. आमच्या बाईंना मी सुचवलं, आता वर्गाच्या सुरुवातीला आम्ही तीनदा ओंकार म्हणतो आणि चौथ्यांदा नुसतं गुणगुणतो. सुरात नसलेल्याही म्हणतात.


खर्जातला_षड्ज
२० जून, सकाळी ७.००

मांडावरची, तुमची आजी डोळ्यांसमोर उभी राहिली.

सुरात नसण्याबद्दल: दोष बहुतेक वेळा पट्टीचा असतो, माणसाचा नसतो. शिक्षिका आपल्या सोयीच्या पट्टीत ओंकार लावते, पुरुषांना ती एक तर फार उंच पडते नाही तर गळा दाबून खाली जावं लागतं. मग ते ओठ हलवतात. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर पुरुषांना साधारण काळी एक किंवा पांढरी दोन सोपी जाते, बायकांना काळी चार-पाच. उपाय साधा आहे. तानपुरा काळी एकवर लावा, पंचमाचा. त्याचा पंचम म्हणजे काळी चार. पुरुषांनी षड्जावर ओंकार धरायचा, बायकांनी पंचमावर. दोघांनाही आपापल्या घरात राहता येतं आणि मिळून जो ओंकार उठतो तो तानपुऱ्याच्या तारांसारखाच एकमेकांत मिसळतो. पंचम, जोड, जोड, खर्ज, एवढ्या चार तारांत सगळं आहे. ॲपवर तानपुरा लावणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको, खर्ज ऐकूच येत नाही. छोटा लाकडी डब्याचा स्पीकर असेल तर तो भिंतीकडे तोंड करून ठेवा.


अंत्रुजची_वाट
५ ऑगस्ट, रात्री ९.१५

मंडळी, सात आठवडे झाले. तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत, त्याचं काय झालं ते सांगायलाच हवं.

पहिल्यांदा मी सगळ्यांना एकेकटं विचारलं. दोघांना कमी ऐकू येतं, हे ९ वर्षांत मला माहीत नव्हतं. एकींना बासरीने डोकं दुखायचं. रात्रपाळी करणाऱ्या मुलाने सांगितलं की कारखान्यात आठ तास यंत्रांचा आवाज असतो, त्याला फक्त गप्प खोली हवी असते.

आता वर्ग असा चालतो. आल्या-आल्या तानपुरा लागलेला असतो, काळी एक. ओंकार तीनदा, पुरुष षड्जावर, आम्ही पंचमावर. पहिल्या दिवशी दोन्ही सूर मिळाले तेव्हा वर्गातल्या निवृत्त शिक्षकांपैकी एकांनी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं, आवाज कुठून येतो म्हणून. मग तानपुरा बंद. आसनांना काहीच नाही, माझा आवाज आणि पाऊस. पत्र्यांवर जोराची सर आली की तोही ऐकू जात नाही, तेव्हा आम्ही आहोत त्या आसनातून सावकाश बाहेर येऊन उभे राहतो आणि सर ओसरेपर्यंत थांबतो. प्राणायामाला झपताल, मी मांडीवर हातानेच देते, चार मिनिटं. ज्यांना पाच मात्रा जड जातात त्या आपल्या श्वासाने करतात, त्यांना मी तसं मोकळेपणी सांगून ठेवलं आहे. त्यानंतर भ्रामरी, आणि गुंजन विरलं की काही नाही. शवासन पूर्ण शांततेत. इथे निवृत्त_मास्तर म्हणाले तो क्रम, मोठ्याकडून बारीककडे, मी तसाच धरला.

शांतता सोपी गेली नाही. पहिला आठवडा लोक चुळबुळत होते, खोकत होते, कुणी मध्येच माझ्याकडे बघत होतं. मलाच हात स्पीकरकडे न्यावासा वाटे. दुसऱ्या आठवड्यात बाहेरचं ऐकू यायला लागलं. रोज सव्वासातच्या आसपास पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून उतरणीला लागतो, त्याचा भोंगा आधी वरच्या वाड्यावर वाजतो, मग वळणावर, मग अगदी सभागृहाच्या मागे. पूर्वी तो बासरीखाली दबून जायचा. आता सगळे पडल्या-पडल्या त्याला येताना ऐकतात आणि जाताना ऐकतात.

उठवण्यासाठी मोबाइलची घंटी होती, ती दचकवायची. रात्रपाळीवाला मुलगा चवथीला घुमट, म्हणजे तोंडाला कातडं लावलेलं मातीच्या घड्याचं वाद्य, वाजवतो. त्याने माळ्यावरचं एक घुमट काढून आणलं, बकऱ्याच्या कातड्याचं. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं, म्हणून तो यायच्या आधी घरी चुलीजवळ धरून तापवतो आणि टॉवेलात गुंडाळून आणतो. शवासन संपताना उजव्या हाताच्या बोटाने एकच टिचकी, आणि डाव्या हाताने घुमटाचं मागचं तोंड हळूहळू उघडायचं. आवाज खोलातून वर आल्यासारखा येतो. कुणी दचकत नाही.

काकी तिसऱ्या आठवड्यात परत आल्या. मागच्याच रांगेत असतात. मी काही विचारलं नाही. परवा ओंकार झाल्यावर त्या दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, श्रावण आहे, एखाद्या सोमवारी आपण सगळ्यांनी मिळून एक भजन म्हणूया का, वर्ग सुटल्यावर, उभ्याने. कुठलं म्हणायचं ते त्यांनीच ठरवलं आहे.


डिचोलीकर
५ ऑगस्ट, रात्री ९.४०

फार आनंद झाला वाचून. एक विचारतो, आमच्या सरांनाही सांगायचं आहे. सुरुवातीचा तानपुरा किती मोठा ठेवता?


अंत्रुजची_वाट
५ ऑगस्ट, रात्री ९.५५

पंखा एकवर असतो. त्या आवाजाच्या जरा खाली. मी मागच्या भिंतीला पाठ टेकून बसते आणि नाकातून जाणारा माझा श्वास मला ऐकू येतो का ते बघते. येत नसेल तर आणखी कमी करते.